बाहुल्यांची पदवी

कलेला भाषेचा अडसर नसतो. हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे, आणि ते बोलणाऱ्यांपैकी कुणालाही जर्मन भाषेतल्या दीड तासाच्या भाषणाचं भाषांतर करायची वेळ आलेली नव्हती. माझ्यावर ती आली, कारण पुण्यात बारावीला मी जर्मन घेतलं होतं.

आमच्या वेळी जर्मन हा स्कोरिंग विषय होता. सुट्टीत डोंगरावर गेल्याचा एक निबंध पाठ केला की काम भागायचं. मी डोंगरावर कधी गेलो नव्हतो, पण मार्क उत्तम पडले. पुढे नोकरीसाठी अमेरिकेत वेस्ट विंडसरला आलो. तिथल्या मराठी मंडळाच्या कुठल्याशा कार्यक्रमात हे मार्क माझ्या तोंडून निसटले आणि त्या दिवसापासून परिसरातल्या मराठी घरांत ‘त्याला जर्मन येतं’ असं ठरून गेलं.

२००४च्या वसंतात आमच्या कॉम्प्लेक्समधल्या काकांचा फोन आला. काका औषधांच्या कंपनीत संशोधक होते आणि मुळात नागपूरचे. त्यांची मुलगी बारावीत होती, आणि जर्मनीतल्या एका नाट्य-संगीत विद्यापीठात जायचं तिने मनात घेतलं होतं. त्या विद्यापीठाचे एक प्राध्यापक तासाभराच्या अंतरावरच्या जर्मन क्लबात बोलायला येणार होते.

“भाषण जर्मनमध्ये आहे म्हणे,” काका म्हणाले. “तू बाजूला बसून सांगत जा. मला पटलं तर पाठवीन, नाही तर इथेच कॉमर्स-बिमर्स करेल.”

शनिवारी काकांनी आम्हा दोघांना क्लबच्या दारात उतरवलं आणि ते पार्किंग शोधायला गेले. गाडी वळताच मुलीने माझी बाही धरली.

“दादा, प्लीज. मी बाबांना फक्त थिएटर सांगितलंय.”

“मग? थिएटर नाहीये का?”

“पपेट थिएटर. दे हॅव अ होल डिग्री. तो शब्द आला की तू जस्ट थिएटर म्हण ना. बाबा नो म्हणाले तर इट्स ओव्हर.”

मी काही उत्तर देण्याआधीच काका नकाशाच्या प्रिंटआउटची घडी घालत आले.

क्लबचा हॉल पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माइक खरखरत होता. पहिल्या रांगेतले सत्तरीपुढचे सभासद केककडे लक्ष ठेवून होते. अध्यक्षांनी पाहुण्यांचा परिचय इतका सविस्तर करून दिला की पाहुण्यांना स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही. मग प्राध्यापकांनी आपल्या विद्यापीठाचा इतिहास घेतला.

मला आकडे आणि काही नामं समजत होती. क्रियापदं जर्मनमध्ये बरेचदा लांबलचक वाक्याच्या शेवटी येतात आणि तोवर माझा धीर सुटायचा. तरीही मी काकांच्या कानाशी लागलो. एका सरदाराने की ड्यूकने आपल्या दरबारातल्या वादकांसाठी शाळा काढली, कारण इटलीहून माणसं आणणं परवडेना. ड्यूक गेला, शाळा बंद पडली, पुन्हा निघाली. युद्धात इमारत गेली. मग काही वर्षं व्हायोलिनचे वर्ग एका बिअरच्या कारखान्यात भरले.

“बिअरच्या?” काकांनी विचारलं.

“बंद पडलेल्या,” मी म्हणालो. हे माझ्या पदरचं होतं.

पुढे नाट्यशाळा त्यात मिसळली, नृत्यशाळा मिसळली, आणि अखेर सगळ्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इथे प्राध्यापकांचा आवाज भरून आला. काकांनीही मान डोलावली. दर्जा मिळणं त्यांना समजत होतं.

मग अभ्यासक्रम आले, एकेकाचा फोटो पडद्यावर. वाद्यवृंद, गायन, ऑपेरा. चर्चमधलं संगीत. शाळेत संगीत शिकवणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम. अभिनय. नुसतं स्पष्ट बोलण्याचाही अभ्यासक्रम होता. “त्यालाही डिग्री?” काका कुजबुजले. “मग आपल्या मंडळातल्या निम्म्यांना डॉक्टरेट द्यायला हवी.”

मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी मनातल्या मनात ‘थिएटर’ तयार ठेवलं.

पडद्यावर पुढचा फोटो आला. काळे कपडे घातलेली तीन धडधाकट माणसं एका वीतभर लाकडी म्हाताऱ्यावर वाकली होती. एकाने त्याचं डोकं धरलं होतं, दुसऱ्याने हात आणि तिसऱ्याने पाय. माझ्या भाषांतराची गरज संपली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

“हे काय?” काका म्हणाले.

“हेच, बाबा,” मुलगी म्हणाली. “मला हे शिकायचंय.”

काका पडद्याकडे बघत राहिले. भाषण संपलं तेव्हा पुढच्या टेबलांवरचे लोक मुठींनी टेबल ठोकू लागले. “कंटाळले वाटतं,” काका म्हणाले. जर्मन मंडळी टाळ्यांऐवजी असंही करतात, एवढं मला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं.

केकची प्लेट घेऊन काका थेट प्राध्यापकांसमोर उभे राहिले. मी भाषांतरासाठी घसा साफ केला. प्राध्यापकांनी उत्तम इंग्रजीत त्यांचं स्वागत केलं. क्लबवाल्यांच्या आग्रहामुळे आज जर्मनमध्ये बोलावं लागलं, असंही ते म्हणाले.

“बाहुल्यांसाठी चार वर्षं?” काकांनी विचारलं.

“हो. पहिलं वर्ष मुख्यतः हातांचं. बाहुली नंतर.”

“आणि विद्यापीठ सरकारी आहे?”

“राज्य सरकारचं.”

काकांनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या. परतीच्या वाटेवर आम्ही हायवेला लागलो. मागच्या सीटवर मुलगी खिडकीला टेकून बसली होती. इथेच कॉमर्स करायचं, हे तिने बहुधा मनाशी मान्य करत आणलं होतं.

“मी पीएचडीला सहा वर्षं काय केलं, माहितीये का तुला?” काका अचानक म्हणाले.

“रिसर्च,” मुलगी म्हणाली.

“उंदराच्या लिव्हरमधलं एक एन्झाइम. एकच. आणि तुझ्या आजोबांना काय सांगितलं होतं? डॉक्टर होतोय. ते वारेपर्यंत सगळ्या नागपूरला हेच सांगत होते. लोक त्यांच्याकडे खोकल्याचं औषध विचारायला यायचे.”

काकांनी आरशातून मागे पाहिलं.

“सहा वर्षं एका एन्झाइमची, मग चार वर्षं बाहुलीची काय वाईट आहेत?”

“सो... इज दॅट अ येस?”

“आधी सिलेक्ट तर हो. आणि आईला मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस.”

ती मागे रडली की हसली, ते कळलं नाही. पण सीटबेल्ट सोडून पुढे वाकल्याबद्दल काका तिला ओरडले, तेव्हा त्यांचा आवाज अगदी मोकळा होता. मग मी रेडिओ लावला.

उन्हाळ्यात ती प्रवेश परीक्षा द्यायला गेली. तीन परीक्षकांनी तिच्यासमोर प्लॅस्टिकची एक रिकामी बादली ठेवली. हिला जिवंत कर, म्हणाले. तिच्या हातांत बादली रुसली, आणि मुलीला प्रवेश मिळाला.