वर गेलेली पट्टी

मोखाड्याच्या एका कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला कॉम्प्युटर येतो अशी तिथे सगळ्यांची पक्की समजूत होती. जव्हारला मी कोर्स केला होता, हे खरं. पण शिकणारे पुष्कळ आणि मशीन दोनच, त्यामुळे मी मुख्यतः दुसऱ्यांच्या खांद्यांवरून पडद्याकडे बघायला शिकलो. सर्टिफिकेटवर तसं काही लिहीत नाहीत.

कचेरीतल्या कॉम्प्युटरवर मी आणि आमचे हेडक्लार्क आळीपाळीने बसायचो. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. साखरशेतचे, भातनाचणी करणाऱ्या घरातले. त्यांची मान कायम आखडलेली असे.

एका सकाळी मी ऐटीत माउस फिरवत होतो. बोट कुठे दाबलं गेलं कोण जाणे, पण पडद्याच्या तळाची ती स्टार्टची करडी पट्टी उडाली आणि थेट वरच्या कडेला जाऊन बसली.

"हे वर कसं गेलं रे?" शेजारून भाऊसाहेबांनी विचारलं.

चुकून गेलं, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण माझं तोंड आधीच बोलून मोकळं झालं होतं. "मीच नेलं. वर असलं की सारखी मान खाली घालावी लागत नाही."

आठवडाभरात भाऊसाहेब लोकांना मान डावीउजवीकडे वळवून दाखवू लागले. "अरे, खरंच फरक आहे!" चहाच्या टपरीवर त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की पट्टी मी विचार करूनच वर नेली होती असं मलाही वाटायला लागलं.

मग साहेबांनी बोलावलं.

"तुम्ही पट्टी वर नेता म्हणे. आमचीही न्या."

मी त्यांच्या कॉम्प्युटरवर पुन्हा तसाच ऐटीत माउस फिरवला. काही हललं नाही. डोक्यावर पंखा असून मला घाम फुटला. शेवटी पट्टीवर उजवं बटण दाबून पाहिलं आणि प्रॉपर्टीज उघडलं. त्यात 'ऑटो हाइड' असं लिहिलेलं दिसलं. ऑटो म्हणजे आपोआप. आता ती आपोआप वर जाईल, या आनंदात मी पुढचा शब्द वाचलाच नाही. टिक केलं, ओके दाबलं आणि पट्टी नाहीशी झाली.

"कुठे गेली?" साहेबांचा आवाज चढला.

"येईल," मी म्हणालो आणि मोखाड्याच्या स्टँडवर जव्हारच्या गाडीची वाट बघतात तसा पडद्याच्या वरच्या कडेकडे बघत उभा राहिलो.

साहेबांनी वैतागून माउस ओढून घेतला आणि खाली सरकवला. पट्टी खालून टुणकन वर आली. त्यांनी माउस बाजूला नेला, ती बुडाली. पुन्हा खाली, पुन्हा हजर. साहेबांचा चेहरा खुलला.

"वा! काम असेल तेव्हा येते, नाहीतर मधे मधे करत नाही. या कचेरीत अशी माणसं पाहिजेत!"

"हो ना साहेब."

"पण ती वर जाणार होती ना?"

"तुमची मान चांगली आहे साहेब. तुम्हाला हीच सोय बरी."

मधल्या सुट्टीत सगळे आठवड्याच्या बाजाराला गेल्यावर मी आमच्या मशीनसमोर बसलो आणि झटत राहिलो. पट्टीवरच्या रिकाम्या जागी माउसचं बटण दाबून धरायचं आणि ओढायचं, एवढंच होतं ते! मी ती खाली आणली, डावीकडे उभी केली, उजवीकडे नेली, आणि दारात पावलं वाजताच घाईघाईने वर नेऊन ठेवली. भाऊसाहेब पिशवी सांभाळत आत आले आणि म्हणाले, "इतका काय हसतोस?" आज पहिल्यांदा मला हे जमलं, असं त्यांना कसं सांगणार?

साहेब जिथे जात तिथे माझी कीर्ती सांगत. पुढच्याच महिन्यात जव्हारच्या एका कचेरीतून बोलावणं आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून जीपमध्ये पुढची जागा धरली. तिथे पोहोचलो तर पट्टी व्यवस्थित होती, बंद पडला होता प्रिंटर. प्रिंटर मी आयुष्यात उघडून पाहिला नव्हता. सगळी कचेरी टेबलाभोवती जमली.

"बघतो," असं म्हणून मी बाह्या सरसावल्या.