वेवजीत आज न मिळालेलं उपाशीपोटीचं रक्त

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मधुमेह आणि थायरॉइडच्या संशोधनासाठी मी तलासरीच्या गावांत रक्ताचे नमुने घेते. वेवजीच्या जमनाताईंना काल सांगून ठेवलं होतं, "सकाळी काही खाऊपिऊ नका, आम्ही लवकर येतो."

आमची गाडी अच्छाडला ट्रकांच्या रांगेत अडकली. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ताई काम बुडवून दारातच बसल्या होत्या, उपाशी.

आम्हाला बघताच त्यांनी चहा टाकला. सोबतच्या मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर बोलत बोलत कप उचलला. मी सुई काढेपर्यंत ताईंचाही चहा पिऊन झाला होता.

"अहो ताई, उपाशी राहायचं होतं ना!"

"राहिले की सकाळपासून! पण पावणे आल्यावर त्यांना एकट्यांनाच चहा कसा द्यायचा?"

आजचा नमुना हुकला. परतताना डॉक्टर म्हणाले, "कितीही समजवा, हे लोक ऐकतच नाहीत."

आमच्या शब्दावर बाई अकरापर्यंत उपाशी राहिली. आम्हाला वेळ पाळता आली नाही, एका कपाला नको म्हणता आलं नाही. उद्याही काम बुडवून उपाशी राहायला ती तयार आहे.

मग सांगा, ऐकत नाही ते कोण?