बुजवलेल्या फटी

बाबांना भिंतीत भोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. जन्मभर प्लास्टरचं काम केलेला माणूस, त्यात नवल ते काय! पण याच हातांनी यंदा माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

जुन्या घरात ते सुट्टीच्या दिवशीही थापी घेऊन भेगा बुजवत बसायचे. एक बुजवली की शेजारी दुसरी हजर. भिंतींना ओल, छताला बुरशी, झटका देणारी बटणं, आणि दिवसभर हीटर चालवूनही पाय गारठलेलेच. आईचा दमा तिथेच मुरला. डॉक्टर म्हणाले, घर बदला. बाबा म्हणाले, डॉक्टर बदला. मी भांडले, रडले, अबोला धरला, तेव्हा कुठे स्वारी नव्या घरात यायला तयार झाली.

नवं घर म्हणजे सुख होतं. जाड भिंती, दुहेरी काचांच्या खिडक्या. हीटर थोडा वेळ लावला तरी ऊब टिकायची, विजेचं बिल बघून तर मला ते चुकलंय असंच वाटलं. वायरिंगमध्ये काही बिघडलं तर वीज आपोआप बंद. आणि हवा खेळती राहावी म्हणून प्रत्येक खिडकीच्या वर भिंतीत एक बारीक फट. एकदा आई जिना चढून आली आणि दम न लागता माझ्याशी भांडली. इतकं बरं वाटलं मला!

मग थंडी पडली आणि तिची छाती पुन्हा वाजायला लागली. काचांवर पाणी, कपाटामागे काळे ठिपके. माझा पारा चढला. इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला बोलावलं आणि दारातच फैलावर घेतलं.

"नवं घर म्हणता आणि बुरशी येतेच कशी?"

तो बिचारा सगळ्या खोल्या फिरला. मग त्याने एक पडदा बाजूला केला.

"ताई, वरची फट कुठे गेली?"

मी बघतच राहिले. फट नव्हतीच. गुळगुळीत, रंगवलेली भिंत.

"बुजवली," बाबा म्हणाले. काय तो रुबाब! "सगळ्या खोल्यांतल्या बुजवल्या. हिच्या अंगावर गार वारा यायचा. सांगा बघू, कुठे ओळखू येतंय का?"

"बाबा, आत कोंडलेली दमट हवा जायची कुठून? आईला त्रास होतोय तो त्यानेच!"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला आणखी खूप बोलायचं होतं, पण ते छिन्नी-हातोडा आणायला निघूनही गेले होते. एकेक फट त्यांनी स्वतः फोडली, कुणाला हात लावू दिला नाही.

आता आई बरी आहे. बाबा मात्र रोज सकाळी स्टुलावर चढून प्रत्येक फटीला तळहात लावून बघतात. मग आईला चिकटून बसतात आणि कान देऊन ऐकत राहतात.

"अहो, घेतेय मी श्वास," आई वैतागते. "जरा लांब बसा!"

ते सरकत नाहीत.