गरम पाण्याचा नळ

ओसाकाच्या त्या औषधी कारखान्यात टाकी धुवावी तर शिगेओ कुवाबारानंच, असा लौकिक होता. त्याची उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. तेव्हा एन्झाइम टाकीत सुटंच ओतायचे. काम झालं की माल काढायचा आणि कढत पाण्यानं टाकी लख्ख करायची. एन्झाइम? गेलं गटारात!

आता तेच एन्झाइम राळेच्या बारीक मण्यांना बांधून उंच नळकांड्यात, म्हणजे कॉलममध्ये, बसवलं होतं. वरून द्रावण सोडायचं, खालून तयार माल घ्यायचा. एन्झाइम जागचं हलत नाही, महिनोन्‌महिने राबतं. कुवाबाराला धुवायला काही उरलंच नाही.

वर्षअखेरची साफसफाई चालली होती. कुठलाही नळ फिरवायचा तर आधी त्याच्याकडे बोट दाखवून पुकारा करायचा, ही तिथली शिस्त.

"गरम पाणी, चालू!" कुवाबारा खणखणीत ओरडला आणि सवयीच्या हातानं नळ फिरवला.

स्वतःचाच आवाज कानावर पडला तसं त्याला उमगलं: पाणी टाकीत नव्हे, कॉलममध्ये चाललं होतं, आणि उष्णतेनं एन्झाइम मरतं. त्यानं झडप घालून नळ बंद केला. कॉलमला तळवा लावला. चटका बसला.

शिडीवर फडका मारणारा त्याचा सहकारी नेझू खिदळला, "काय हो कुवाबारा-सान, आंघोळ घालताय त्याला?" मग त्याचा चेहरा पाहून झटकन खाली उतरला. "मेलं?"

"नवा कॉलम भरायला वसंत उजाडेल रे. तोवर सगळं बंद. माझ्यामुळे!"

"कुणी पाहिलं नाही. गप्प बसा की."

"पुकारा कोणी केला? मीच ना? सगळ्यांनी ऐकलाय."

रसायनतज्ज्ञ मियोशीबाई धावत आल्या. थंड पाणी, मग द्रावण, मग खालून नमुना. नमुन्यात माल किती तयार झालाय ते दाखवणाऱ्या यंत्राच्या भिंगाला त्या डोळा लावून बसल्या. कुवाबारा त्यांच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

"बोला ना बाई, काय ते."

"थांबा हो!... जिवंत आहे. मंदावलंय, पण आहे. सुटं असतं तर अंड्यासारखं शिजलं असतं. मण्यांना धरून बसलंय म्हणून तगलं."

"चिवट आहे, तुमच्यासारखंच!" नेझू म्हणाला.

कुवाबारा हसला नाही. नववर्षासाठी आणलेला गवताचा पवित्र दोर त्यानं उचलला आणि गरम पाण्याच्या नळाला गुंडाळायला लागला.

"अहो, तो दारावर लावतात!"

"ठाऊक आहे. तो दिसला की हात थांबेल माझा."

दोर जाड होता. गाठ काही केल्या बसेना. शेवटी दुसरं टोक नेझूनं धरलं.