तिसरी हाक

मला मोठ्याने हाक मारता येत नाही. शाळेत रोज ऐकलेलं 'डोन्ट शाउट' गळ्यात कायमचं बसलं असावं. सांता क्लाराच्या ऑफिसातही कुणाला बोलवायचं असलं तर मी उठून त्याच्या टेबलापर्यंत चालत जाते.

आई रत्नागिरीहून आली तेव्हा एका लाँग वीकेंडला मी तिला उत्तरेकडच्या एका विझलेल्या ज्वालामुखीवर नेलं. चढ म्हणजे नुसती काळी, हलकी खडी. पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरायचं.

"डोंगर आहे की कोळशाची वखार?" आई धापा टाकत म्हणाली. "पाय ठरेल तर शपथ."

माथ्यावर पोचलो. मध्ये खोल विवर, त्याच्या काठाने फिरणारी पायवाट. गवत नाही, पाखरू नाही. वारासुद्धा पडला होता. आई काठापासून जरा लांब एका दगडावर टेकली.

"तू ये बघून. मी इथून हलत नाही."

मी शंभरेक पावलं गेले असेन, तोच ढग उतरला. मागे वळले तर दगड दिसेना, वाट दिसेना, आई दिसेना. चाचपडत परत आले, पण किती आले ते कळेना. विवर आता उजव्या हाताला असणार, एवढंच ठाऊक. फोनला रेंज नव्हती.

"आई," मी म्हटलं. नेहमीच्याच आवाजात. उत्तर नाही.

त्या ओसाड माथ्यावरही मला ओरडायची लाज वाटत होती. मग जरा मोठ्याने म्हटलं, "आई!" काही नाही. ती काठाकडे गेली असेल, खडी सरकली असेल, हे मनात आलं. तिसऱ्यांदा मी अशी किंचाळले की माझाच आवाज मला ओळखू येईना.

"ओ!"

अगदी दहा पावलांवरून. धावले. आई उभी होती, पण दगडापाशी नाही.

"ऐकू येत नव्हतं का तुला?" मी चिडून विचारलं.

"येत होतं की. ओसाड जागी पहिल्या हाकेला ओ देऊ नये गं. तीनदा येऊ द्यावी."

"आई, प्लीज! हे कोकण नाहीये."

"नसू दे." ती माझ्याकडे निरखून बघत होती. "पण दुसरी हाक तू खालून का मारलीस?"

"मी वरच होते. इको असेल."

"इको म्हणजे आधी तुझी यायला हवी ना? दुसऱ्या वेळी मला एकच आली. खालून. ओ नाही दिली मी, पण पाय आपोआप उचलले गेले. मग तू मागून ओरडलीस."

मी खाली बघितलं. काळ्या खडीत तिच्या बुटांचे ठसे दगडापासून सरळ विवराकडे निघाले होते. सहावा ठसा अर्धाच होता. त्याच्या पुढची खडी अजून आत सरकत होती, आवाज न करता.

उतरताना मी तिचं मनगट धरलं होतं.

"दुखतंय गं," ती दोनदा म्हणाली. "सोड जरा."

पार्किंग येईपर्यंत मी सोडलं नाही.