ग्लासावरचा लाल ठिपका

"मार्कर काढ तुझा," अण्णा म्हणाला. "रॅकमधला एक ग्लास घे आन ठिपका मार. लाल. रिजेक्ट मालाला मारती तसा. आजपासनं तो बालाजीचा. बाकीच्या ग्लासांना त्यानं हात न्हाई लावायचा."

जेवणाची सुट्टी होती. चाकणच्या आमच्या कंपनीत पाण्याच्या कूलरशेजारी स्टीलच्या ग्लासांचा रॅक असतो. त्याच्यासमोर आम्ही सतरा-अठरा जण डबे उघडून बसलो होतो. अण्णा म्हणजे आमचा लेबर ठेकेदार. ही कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे त्यातली थोडी त्याच्या बापाची होती, हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. मी फायनल इन्स्पेक्शनला. ब्रेकचा पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल मार्करचा ठिपका आणि लाल पेटी. मार्कर कायम माझ्या खिशात.

बालाजी तिथंच उभा होता. हातात न उघडलेला डबा.

"आमी काय कुणाला कामावरनं काढत न्हाई," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माणुसकी हाय आपल्यात. पर बाकीच्या पोरांचा इचार कराया नको व्हय?"

मी उठले. ग्लास घेतला. ठिपका मारला. ओला होता म्हणून फुंकर घालून वाळवलासुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं मला फुंकर घालायला.

बालाजीनं ग्लास घेतला, पाणी प्यायला, विसळून रॅकच्या बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. बघितलं नाही ते माझ्यासाठी. कारण मलाही एचआयव्ही आहे, आणि ते त्या अख्ख्या कंपनीत फक्त त्याला माहीत होतं.

नऊ वर्षं झाली मला. नवऱ्याकडून आलं. तो गेला, मी राहिले, पोरगी राहिली. पोरीला नाही, सुटली ती. रहाटणीत आम्ही दोघी एका खोलीत राहतो. सरकारी केंद्रातून गोळ्या आणायच्या, रोज ठरल्या वेळी घ्यायच्या. गोळ्यांची बाटली मी तांदळाच्या डब्यात ठेवते. पोरगी नववीत गेली तरी तिला वाटायचं, आईला थायरॉइड आहे.

केंद्राची एक रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळे पाळतात. तिथं बाकड्यावर शेजारी बसायचं, एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करायची, आणि फाटकाबाहेर पडलं की ओळख द्यायची नाही. बसमध्ये समोरासमोर उभे असलो तरी खिडकीबाहेर बघायचं. चांगली रीत आहे. आमच्यासारख्यांना तीच एक भिंत.

दुसरी रीत मात्र वाईट, आणि ती मी सगळ्यांत जास्त पाळली. आकडा विचारायची. केंद्रात रक्त घेऊन सीडी-फोर मोजतात. म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशी रक्तात किती उरल्यात ते. आपल्याला वाटतं दुखणं एकच, तर माणसं एकच असतील. कसलं काय! "तुमचा किती?" "माझा चारशे." "अगंबाई, माझा तर सातशे बारा." सातशे बारा सांगताना माझा आवाज वर जायचा. दहावीला पोर पहिलं आल्यासारखं मी ते सांगायची. ज्यांचा कमी, त्यांनी गोळ्या चुकवल्या असणार, दारू पीत असणार, स्वच्छ राहत नसणार, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलेलं.

बालाजी लातूरकडचा. कंपनीत नवा लागला आणि त्याच महिन्यात केंद्रात माझ्या शेजारी येऊन बसला. दचकला. मग हसला, सुटल्यासारखा. ओळखीचं कुणी भेटलं म्हणून. मी पहिलं काय विचारलं? "किती आहे तुझा?"

"एकशे बासष्ट, ताई. उशिरा कळालं मला."

मी पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसले. खोकला-बिकला असेल, असं म्हटलं मनाशी. तो खोकत नव्हता.

पुढं महिन्याभरानं त्यानं अर्धी सुट्टी घेतली. अण्णानं पुरावा मागितला. "दवाखान्यात गेलतास तर कागद दाव." बिचाऱ्यानं जो होता तो, केंद्रातला रक्ताचा रिपोर्ट, दिला. अण्णानं त्याचा फोटो काढून मेडिकलवाल्या मित्राला पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाचला. "एकशे बासष्ट! पाचशेच्या वर पायजे म्हणं माणसाचा. ह्यो तर मापातच न्हाई बसत." लोक हसले. मीही हसले. तोंड पदराआड करून, पण हसले. त्याच दुपारी मार्कर निघाला.

त्या दिवशी घरी आले तर अंगठ्याला लाल डाग. राखेनं घासला, रॉकेलनं पुसला. पोरगी म्हणाली, "रोजचाच तर आहे, एवढं काय घासतेस?"

माझ्या वडलांची आठवण झाली. पिंपरीच्या फौंड्रीत आयुष्य गेलं त्यांचं. दर जयंतीला, नवे कपडे घातले की, आम्हा भावंडांना बसवून एकच गोष्ट सांगायचे. त्यांच्या गावच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी बाहेर खुंटीला असायची. आपण काढायची, आपण धुवायची, परत लावायची. चहा वरून ओतणार. वडील म्हणायचे, "त्या कपाला कान नव्हता. मुद्दाम मोडका ठेवायचे, ओळखू यावा म्हणून." आम्हाला वाटायचं, झालं आता, कळलं, किती वेळा सांगणार. मला काय कळलं होतं? खुंटी ठोकणाऱ्या हातांना मी हात लावला, आणि वर फुंकरही घातली.

तरी मी गप्प राहिले. एक दिवस नाही, पाच महिने. रोज मी रॅकमधला स्वच्छ ग्लास घ्यायची, बालाजी कट्ट्यावरचा घ्यायचा. मी तोंड उघडलं तर नोकरी जाईल, खोली जाईल, पोरीच्या शाळेत कळेल. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं सांगते, त्यांच्या खाली आणखी एक होतं. मला सातशे बारावरून एकशे बासष्टच्या शेजारी उतरायचं नव्हतं.

मग केंद्रात तो परत भेटला. मी मान फिरवली, तर तोच उठून आला. तोंडभर हसू.

"ताई, वाढलाय माझा! दोनशे चौदा. आन व्हायरस तर रक्तात सापडतच न्हाई म्हणल्या मॅडम. गोळ्या लागू पडायल्यात."

मग तो हळूच वाकून म्हणाला, "कंपनीत मी कुटं बोललो न्हाई बरं का तुमचं. टेन्शन घेऊ नका."

त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी समुपदेशक मॅडमच्या खोलीत गेले आणि रडले. सगळं सांगितलं, फुंकरीसकट. त्या म्हणाल्या, "आकडा तुमच्या अंगात किती ताकद आहे ते सांगतो. तो वर जातो, खाली येतो. दुसऱ्याला धोका किती, हे त्यावरून कळत नाही. आणि ग्लासानं तर हा आजार कधीच कुणाला होत नाही." मी मान हलवली. यातलं मला नवं काय होतं? नऊ वर्षं तेच ऐकत होते. सगळं ठाऊक असून मी ठिपका मारला होता.

पुढच्याच आठवड्यात अण्णा कूलरपाशी आला. बालाजीचा ग्लास उचलून बघितला.

"ठिपका गेला की गं घासून. मार परत."

मी मार्कर काढला. रॅकमधला पहिला ग्लास घेतला, ठिपका मारला. दुसरा घेतला. तिसरा.

"येडी झालीस काय? त्याचा ह्यो हाय!"

"एक पीस नापास निघाला की अख्खा लॉट अडवायचा, कंपनीचा नियम आहे," मी म्हणाले. चौथा ग्लास उचलला. "मला पण एचआयव्ही आहे, अण्णा. नऊ वर्षं. या सगळ्या ग्लासांतून मी पाणी प्यायलेय. तुम्हीपण. मग कुठला माझा, कुठला तुमचा, सांगा की आता."

रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारी माझी मैत्रीण, तिचा घास हातात तसाच राहिला. मग तिनं डबा बंद केला. ते मला अजून दिसतं.

अण्णा ओरडला नाही. "पास जमा कर गेटवर," एवढंच म्हणाला. बालाजीलाही संध्याकाळी सांगितलं, तब्येत सुधारली की ये.

गेटबाहेर मी त्याची वाट बघत थांबले. वाटलं होतं, काहीतरी चांगलं बोलेल. तो आला तो रागानं लाल झालेला.

"आता कशाला ताई? मारला तव्हा काय झालतं?"

तो कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत निघून गेला आणि मी बसथांब्यावर उभी राहिले.

त्या दिवशी घरी जाऊन आधी तांदळाचा डबा पोरीसमोर ठेवला. बाटली काढली. सांगितलं. मग बाटली उचलून तिनं फळीवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

मॅडम म्हणाल्या, यावर कायदा आहे, तक्रार करता येते. मी बालाजीला फोन केला. तुझं नाव घालू का, विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव तर आधीच सगळ्यांनी ऐकलंय. घाला. पर तुमचंबी घाला."

घातलंय. मॅडमनी कागद वाचला आणि पेन पहिल्या ओळीवर टेकवलं. "हे काढा. उलटून तुमच्याच अंगावर येईल."

येऊ दे. मी काढलं नाही, काढणार नाही. तक्रारीत अण्णा दुसऱ्या ओळीत येतो. पहिली ओळ अशी आहे: 'बालाजीच्या ग्लासावर लाल ठिपका मी मारला, आणि मलाही तोच आजार आहे हे मला तेव्हा माहीत होतं.' खाली माझी सही, पूर्ण नावानं. सोमवारी पहिली शिफ्ट सुटते तेव्हा कंपनीच्या गेटवर सगळे असतात, अण्णाही असतो. मी तो कागद तिथं मोठ्यानं वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून.