ओट्यापाशी पाठमोरी

माझ्या ईशानं एक भयकथेचा गेम बनवलाय. गेम कसला, चित्रांची गोष्टच ती. क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं. गेल्या महिन्यात तिनं लॅपटॉप पुढ्यात ठेवला, तेव्हा मी मेथी निवडत होते. एका हातानं भराभर क्लिक करत दहा मिनिटांत संपवला आणि म्हणाले, "छान आहे गं. पण हे भुताखेतांचं कशाला?" तिनं लॅपटॉप उचलून नेला.

आज ती ऑफिसला गेल्यावर त्या गेमखालचे अभिप्राय वाचत बसले. कुठली कुठली मुलं, किती जीव लावून लिहितात! गोष्टीतली मुलगी शाळेतून घरी येते, तेव्हा ओट्यापाशी एक बाई पाठमोरी उभी असते. तेच भूत, असं मी धरून चालले होते. एकीनं लिहिलंय, "तिथं मी क्लिकच केलं नाही. नुसती थांबले. मिनिटभरानं ती बाई वळली आणि म्हणाली, 'सांग, काय झालं शाळेत?' मला रडूच आलं."

खाली ईशाचं उत्तर: "घाबरवायचं नव्हतंच मला. कुणीतरी थांबावं, एवढंच वाटत होतं."

ईशा दारात उभी राहून शाळेतलं सांगायची, तेव्हा मीही ओट्यापाशी पाठमोरीच, कणीक मळता मळता नुसतं "हं, मग पुढे?" म्हणायचे. तेही क्लिकच की.

आता गेम पुन्हा उघडलाय. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेय. बाई सावकाश वळतेय. टिकली माझ्यासारखीच डावीकडे सरकलेली, आणि चेहऱ्यावर कसलीच घाई नाही.

हा चेहरा ईशानं मनानंच काढला असणार.